पीएस३ वरचं लिनक्स काढून घेतलं तेव्हा नेमकं काय झालं

गेमिंग कन्सोलवरून वाद सुरू झाला की एक वाक्य हमखास येतं, "सॉफ्टवेअर कंपनीचं आहे, कंपनी वाट्टेल ते करेल, पटत नसेल तर घेऊ नका." मला हे कधीच पटलेलं नाही आणि का ते सांगायला सोनीच्या 'अदर ओएस' (प्लेस्टेशन ३ वर लिनक्स, म्हणजे विंडोजसारखी पण मोकळी ऑपरेटिंग सिस्टीम, टाकायची सोय) प्रकरणाइतकं चांगलं उदाहरण दुसरं सापडत नाही, कारण इथे लोकांनी ऑलरेडी घेतलं होतं, पूर्ण पैसे मोजले होते, आणि त्यानंतर काहींच्या बाबतीत तर तीन-साडेतीन वर्षांनी त्यातली एक गोष्ट काढून घेतली गेली. "घेऊ नका" म्हणायची वेळ तोवर निघून गेलेली होती.

तर सुरुवातीपासून सांगतो. प्लेस्टेशन ३ नोव्हेंबर २००६ मध्ये जपान आणि अमेरिकेत आलं, अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलर अशा दोन किमतींना. आपल्याकडे २००७ मध्ये आलं तेव्हा ३९,९९० रुपये किंमत होती आणि त्या काळात चाळीस हजार म्हणजे खूप पैसे होते. तेव्हा सगळीकडे ओरड झाली की एका गेमिंगच्या डब्याला एवढे पैसे का द्यायचे, त्यावर सोनीचं उत्तर असं की हा नुसता गेमिंगचा डबा नाहीये. केन कुतारागी, ज्यांना प्लेस्टेशनचे जनक म्हणतात, ते पीएस३ ला उघड उघड कम्प्युटर म्हणायचे. आणि ते बोलण्यापुरतं नव्हतं, मशीनच्या सेटिंगमध्येच 'इन्स्टॉल अदर ओएस' असा पर्याय होता. म्हणजे कुठला जुगाड नाही, कुठली चिप बसवायची नाही, सोनीने स्वतः दिलेला मेनू. त्यात हार्ड डिस्कची वाटणी करायची, एकतर १० जीबी लिनक्सला द्या नाहीतर १० जीबी गेमच्या सिस्टीमला ठेवून उरलेली सगळी लिनक्सला द्या, मग पेन ड्राइव्ह किंवा डिस्कवरून लिनक्स टाका आणि कीबोर्ड माउस लावून बसा. यलो डॉग लिनक्सची ५.० आवृत्ती तर खास यासाठी तयार झालेली होती.

आता प्रामाणिकपणे बघायला गेलं तर घरगुती डेस्कटॉप म्हणून ते फार भारी चालत नव्हतं. मेन मेमरी फक्त २५६ एमबी, आणि ग्राफिक्स चिपला हात लावू द्यायचा नाही अशी व्यवस्था सोनीने हायपरव्हायझरमध्ये करून ठेवलेली (हायपरव्हायझर म्हणजे सगळ्यात खालचा पहारेकरी थर, लिनक्स त्याच्यावर चालायचं). त्यामुळे लिनक्समधून मोठे गेम वगैरे चालवायचा प्रश्नच नव्हता. पण त्यातला जो सेल प्रोसेसर होता, सोनी तोशिबा आणि आयबीएमने मिळून केलेला, ३.२ गिगाहर्ट्झचा, एक मुख्य कोर आणि त्याच्या भोवती आकडेमोड करणारे छोटे कोर, त्यातले सहा लिनक्सला वापरायला मिळायचे, तो आकडेमोडीला त्या काळात अफाट होता. आणि सोनी सुरुवातीला मशीन घाट्यात विकत असल्यामुळे एवढी ताकद त्या पैशात दुसरीकडे मिळतच नव्हती.

याचा फायदा ज्यांनी घेतला ते लोक बघा. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ कॅम्पसमधले भौतिकशास्त्रज्ञ गौरव खन्ना यांनी २००७ मध्ये मोजकी पीएस३ जोडून क्लस्टर उभा केला आणि कृष्णविवरांच्या गुरुत्वीय लहरींची गणितं त्यावर चालवली, सुपरकम्प्युटरवर वेळ विकत घेण्याऐवजी. त्याही पुढे अमेरिकेच्या हवाई दलाची न्यू यॉर्क राज्यात रोम नावाच्या गावात जी रिसर्च लॅब आहे तिने १,७६० पीएस३ जोडून 'कॉन्डोर' नावाचा क्लस्टर बांधला, साधारण ५०० टेराफ्लॉप्स (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी), खर्च सुमारे २० लाख डॉलर, तेवढ्या ताकदीच्या नेहमीच्या सुपरकम्प्युटरला याच्या कितीतरी पट लागले असते. हे सगळं त्या एका मेनूमुळे शक्य झालं. म्हणून "कोणी वापरत नव्हतं ते फीचर" असं कोणी म्हणालं की मला खरंच राग येतो.

मग २००९ च्या ऑगस्टमध्ये स्लिम मॉडेल जाहीर झालं आणि त्यात अदर ओएस नव्हतं. ठीक आहे, नवीन मॉडेल, नवीन फीचर लिस्ट, बघून घ्या. याला माझा काहीही आक्षेप नाही आणि तेव्हाही फार कोणाचा नव्हता. उलट तेव्हा सोनीच्याच लिनक्स सांभाळणाऱ्या माणसाने लेखी सांगितलं होतं की आधी विकलेल्या मॉडेलवर हे फीचर चालू राहील, काळजी करू नका. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जानेवारी २०१० मध्ये जॉर्ज हॉट्झ, आयफोन अनलॉक केल्यामुळे आधीच गाजलेला पोरगा, त्याने जाहीर केलं की पीएस३ च्या हायपरव्हायझरमध्ये तो शिरला. त्याची पद्धत अशी होती की लिनक्समध्ये कोड चालवायचा आणि त्याच वेळी मशीन उघडून मेमरीच्या एका लाइनवर बाहेरून साधारण ४० नॅनोसेकंदांचा झटका द्यायचा, म्हणजे मेमरीतला एक बदल व्हायचा राहून जातो आणि ज्या जागेला हात लावायची परवानगी नाही ती जागा हाती लागते. यात सोल्डरिंग आलं, एफपीजीए बोर्ड (ज्यातलं सर्किट आपल्याला हवं तसं बनवता येतं) आला, आणि शंभरदा प्रयत्न केले की एकदा लागायचं असा मामला. यातून एकही पायरेटेड गेम चालला नाही. पण भोक पडलं हे खरं, आणि ते लिनक्सच्या वाटेने पडलं हेही खरं, सोनीला घाबरायला कारण नव्हतं असं मी म्हणणार नाही.

सोनीने केलं काय? २८ मार्च २०१० ला जाहीर केलं की १ एप्रिलला फर्मवेअर (मशीनचं आतलं सॉफ्टवेअर) ३.२१ येतंय आणि त्यात अदर ओएस बंद होणार, कारण सुरक्षा. तारखेमुळे बऱ्याच जणांना वाटलं थट्टा आहे. नव्हती. आणि अपडेट "ऐच्छिक" होतं, हा शब्द पुढे कोर्टातही वापरला गेला. नका करू अपडेट, लिनक्स राहील तुमचं, फक्त प्लेस्टेशन नेटवर्कवर जाता येणार नाही, ऑनलाइन खेळता येणार नाही, ज्या नव्या गेमना ३.२१ किंवा पुढचं फर्मवेअर लागेल त्या चालणार नाहीत, काही नव्या ब्लू-रे फिल्मही चालणार नाहीत. म्हणजे बिल्डरने फ्लॅट विकताना टेरेसचा हक्क लिहून द्यायचा आणि राहायला गेल्यावर तीन वर्षांनी सांगायचं की टेरेसला कुलूप लावतोय, नको असेल तर लिफ्ट आणि पाणी सोडा. याला कोणी चॉइस म्हणेल का? दोन्ही गोष्टींचे पैसे आधीच दिलेले आहेत, आणि आता यातली एक सोडायचीच आहे, कुठली ते तेवढं तुम्ही ठरवा.

क्लस्टरवाल्यांचा त्रास थोडा वेगळा होता. त्यांना गेम खेळायचे नव्हते त्यामुळे चालू मशीन अपडेट करायची गरज नव्हती, पण एखादं मशीन बिघडलं आणि दुरुस्तीला पाठवलं तर ते नवीन फर्मवेअर टाकून परत येणार, आणि नवीन घ्यायला गेलं तर बाजारात स्लिम. म्हणजे क्लस्टर जितका आहे तितकाच राहणार आणि एकेक मशीन मरत जाणार.

युरोपात एक छान गोष्ट झाली जी आपल्याकडे फार कोणाला माहीत नाही. ब्रिटनमधल्या एका गिऱ्हाइकाने अॅमेझॉनला युरोपियन ग्राहक कायद्याचा हवाला देऊन कळवलं की मी घेतलेली वस्तू आता जाहिरातीतल्या वर्णनाप्रमाणे राहिलेली नाही, आणि अॅमेझॉनने किमतीच्या २० टक्के पैसे परत केले, मशीन परत न मागता. कायदा १९९९ चा होता, म्हणजे कन्सोल, फर्मवेअर असलं काही डोक्यात ठेवून लिहिलेला नव्हता, तरी साध्या भाषेत "जे सांगून विकलं ते असलं पाहिजे" एवढं त्यात होतं आणि तेवढ्यावर काम झालं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सरळ न्याय झाला तो इथे, आणि तोही सोनीच्या नाही तर दुकानदाराच्या खिशातून.

अमेरिकेत कोर्टात गेले लोक. एप्रिल २०१० मध्येच क्लास अॅक्शन दावा (सगळ्या गिऱ्हाइकांच्या वतीने एकत्र केलेला) दाखल झाला, कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टात, जज रिचर्ड सीबॉर्ग यांच्यासमोर. आणि तिथे सगळं लायसन्सवर येऊन अडकलं. पीएस३ चं सिस्टीम सॉफ्टवेअर तुम्ही विकत घेत नाही, ते तुम्हाला वापरायला दिलेलं असतं, असं त्या करारात आहे, आणि त्यातच कुठेतरी असंही आहे की अपडेटमुळे सेटिंग बदलू शकतात, डेटा जाऊ शकतो, काही फंक्शन कमी होऊ शकतात. हा करार कुठे दिसतो? दुकानात बॉक्सवर नाही. घरी आणून टीव्हीला जोडून चालू केल्यावर, पैसे देऊन झाल्यावर, स्क्रीनवर, कंट्रोलरने खाली खाली सरकवत. डिसेंबर २०११ मध्ये जजनी दावा पूर्ण फेटाळला आणि निकालात साधारण असं म्हटलं की गिऱ्हाइकांची नाराजी खरी आणि समजण्यासारखी आहे, ग्राहकांचं समाधान म्हणून बघितलं तर सोनीचा निर्णय शंकास्पदही असेल, पण कायद्याने दाद मागण्याजोगी गोष्ट यात मांडलेली दिसत नाही.

त्या निकालावर माझा आक्षेप हा आहे की त्यात मशीन आणि नेटवर्क वेगळं काढलं. नेटवर्क ही चालू सेवा, ती कायम देईनच असं सोनीने कबूल केलेलं नाही, म्हणून अटी घालायचा हक्क सोनीला. कागदावर बरोबर वाटतं. पण घरात ती एकच वस्तू आहे, नेटवर्क गेलं की तिची किंमत निम्मी होते आणि हे सोनीला माहीत आहे म्हणूनच तर त्याचा पेच वापरला. पुढे जानेवारी २०१४ मध्ये वरच्या कोर्टाने, नाइन्थ सर्किटने, काही दावे पुन्हा जिवंत केले, विशेषतः जाहिरात आणि ग्राहक फसवणुकीच्या अंगाने जाणारे, आणि तिथून सोनी तडजोडीला आली.

तडजोडीचा भाग वाचून वाईट वाटतं. २०१६ मध्ये पहिला मसुदा आला, लिनक्स वापरल्याचा पुरावा देणाऱ्याला ५५ डॉलर, नुसतं फीचर बघून मशीन घेतलं होतं असं म्हणणाऱ्याला ९ डॉलर, आणि वकिलांना साडेबावीस लाख डॉलर. दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या मशीनचा पुरावा कोण जपून ठेवतं? हा मसुदा नवीन जजनी मान्य केला नाही, बरंच झालं. मग साडेसदतीस लाख डॉलरचा एकच निधी ठरला, माणशी जास्तीत जास्त ६५ डॉलर, २०१८ मध्ये मंजूर झाला, आणि दावे करणारे एवढे निघाले की वाटून प्रत्येकाच्या हातात आले साधारण १० डॉलर. साडेआठ वर्षांनी. सोनीने चूक कबूल केली नाही, ती अशा तडजोडीत कोणीच करत नाही.

आता सुरक्षेचा मुद्दा, कारण सोनीची बाजू घेणारे सगळे यावरच उभे असतात. अदर ओएस काढल्यावर मशीन सुरक्षित राहिलं का? एप्रिलमध्ये काढलं, ऑगस्ट २०१० मध्ये पीएसजेलब्रेक नावाचा यूएसबी डोंगल बाजारात आला, पोर्टमध्ये घालायचा आणि कॉपी केलेले गेम चालवायचे. तो फर्मवेअर ३.४१ वर चालायचा, ज्यात लिनक्स नव्हतंच. वाट होती यूएसबीच्या कोडमधल्या चुकीची. म्हणजे ज्या पायरसीला घाबरून लिनक्स काढलं ती पायरसी लिनक्सच्या दारातून आलीच नाही.

आणि डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनला केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या हॅकर परिषदेत फेलओव्हरफ्लो नावाच्या गटाने जे दाखवलं ते तर जरा थांबून समजून घेण्यासारखं आहे. पीएस३ च्या मूळ सिस्टीमवर कुठलाही कोड चालायला त्यावर सोनीची डिजिटल सही लागते. ती सही करायच्या पद्धतीत, ईसीडीएसए तिचं नाव, प्रत्येक सहीसाठी एक नवा रँडम आकडा घ्यावा लागतो, एकदा वापरला की टाकून द्यायचा. सोनीच्या सह्यांमध्ये तो आकडा दरवेळी तोच होता. मग काय होतं बघा. एका सहीतून एक समीकरण मिळतं ज्यात दोन अज्ञात असतात, तो रँडम आकडा आणि सोनीची गुप्त किल्ली, एका समीकरणातून दोन अज्ञात सुटत नाहीत म्हणून सगळं सुरक्षित. पण दुसऱ्या सहीतही तोच आकडा असेल तर समीकरणं दोन झाली आणि अज्ञात दोनच राहिले, शाळेत सोडवतो तसली एकसामयिक समीकरणं, किल्ली हातात. आणि ही किल्ली एकदा बाहेर पडली की विकून झालेल्या मशीनमध्ये ती बदलणं जवळजवळ अशक्य. आता सांगा, यात लिनक्स वापरणाऱ्याचा दोष कुठला? ही चूक सोनीच्या स्वतःच्या ऑफिसात झालेली होती.

त्याच भाषणात त्या मंडळींनी एक युक्तिवाद मांडला जो मला पूर्ण पटतो. एक्सबॉक्स, निन्टेंडोचं वी वगैरे मशीन लवकर फुटली आणि पीएस३ एवढी वर्षं टिकलं, कारण ज्यांच्याकडे खरी डोकी आहेत त्यांना चोरीचे गेम नको असतात, त्यांना स्वतःचा कोड चालवायचा असतो, आणि पीएस३ वर तो चालत होता, त्यामुळे ते कुलूप तोडायला बसलेच नाहीत. सोनीने लिनक्स काढलं आणि त्याच लोकांना कामाला लावलं. याला गणितासारखा पुरावा देता येणार नाही हे मान्य, पण तारखा बघितल्या तर पटण्यासारखं आहे.

नंतर जानेवारी २०११ मध्ये हॉट्झने मुख्य किल्ली जाहीर केली, सोनीने त्याच्यावर आणि फेलओव्हरफ्लोच्या लोकांवर दावा ठोकला, आणि त्या दाव्यात हॉट्झच्या साइटवर कोण कोण येऊन गेलं त्यांचे आयपी पत्ते मागायची परवानगी कोर्टाकडून मिळवली. नुसतं वाचायला आलेल्यांचे! एप्रिलमध्ये तडजोड जाहीर झाली, हॉट्झने यापुढे सोनीच्या वस्तूंना हात लावणार नाही असं कबूल केलं. त्याच महिन्यात प्लेस्टेशन नेटवर्क हॅक होऊन सुमारे ७.७ कोटी खात्यांची माहिती गेली आणि नेटवर्क तीन आठवड्यांहून जास्त बंद राहिलं. बरेच जण या दोन गोष्टी एकमेकीला जोडतात, मी जोडत नाही, तसं काही सिद्ध झालेलं नाही. पण ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी त्याबद्दल सोनीला अडीच लाख पौंडांचा दंड केला, कारण तो हल्ला टाळता आला असता. गिऱ्हाइकाच्या मशीनवर पहारा ठेवायला जी तत्परता दाखवली ती स्वतःच्या सर्व्हरवर दाखवायला हवी होती.

ओपन सोर्सवाल्या मित्रांचा एक मुद्दा राहतो, की जीपीएलची (लिनक्ससारखा मोकळा कोड ज्या अटींवर मिळतो ते लायसन्स) तिसरी आवृत्ती असती तर हे झालंच नसतं. २००७ मध्ये ती आली तेव्हा त्यात मुद्दाम असं घातलं गेलं की घरगुती वस्तूत हा कोड वापरलात तर बदललेला कोड त्या वस्तूवर बसवायचा मार्गही द्यावा लागेल. विचार उत्तम आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. पण या प्रकरणात तो लागू पडत नाही. लिनक्स कर्नल (म्हणजे लिनक्सचा गाभा) जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला, लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सना तिसरी पटली नाही, आणि मुख्य म्हणजे पीएस३ ची स्वतःची सिस्टीम फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडी या दोन मोकळ्या सिस्टीमच्या कोडवरून घेतलेली, ज्याचं लायसन्स म्हणतं घ्या, बदला, बंद करा, फक्त आमचं नाव ठेवा. म्हणजे फुकट मिळालेल्या मोकळ्या कोडवर सोनीने कुलूपबंद सिस्टीम उभी केली आणि ते कायद्याने शंभर टक्के बरोबर आहे. त्यामुळे लायसन्स बदलून हा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. सहीची किल्ली कंपनीकडे, अपडेटचं बटण कंपनीकडे, मग कर्नलवर कुठलं लायसन्स लिहिलंय याने घरी बसलेल्या माणसाला काडीचा फरक पडत नाही. इथे ग्राहक कायदाच लागतो.

आणि आपल्याकडे तो आहे! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' ही गोष्ट पहिल्यांदा आली, ज्या अटीमुळे ग्राहकाच्या हक्कात मोठा फरक पडतो, ग्राहकाला तोट्यात घालणारी अवाजवी अट लादली जाते, त्याविरुद्ध तक्रार करता येते. "अपडेटने काही फंक्शन कमी होऊ शकतात" हे वाक्य यात बसवून बघायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. अडचण अशी की अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, थेट राज्य आयोगात जावं लागतं. म्हणजे परभणीच्या किंवा सावंतवाडीच्या पोराने पन्नास हजारांच्या कन्सोलसाठी राज्य आयोगाची पायरी चढायची, समोर कंपनीचे वकील. कोण करणार? जिल्हा पातळीवर एवढा अधिकार द्यायला काय हरकत आहे, विशेषतः रक्कम छोटी असेल तेव्हा.

हे जुनं झालं म्हणून सोडून द्यावं असंही नाहीये. मे २०२५ मध्ये निन्टेंडोने आपल्या करारात बदल करून लिहिलं की अटी मोडल्यात तर तुमचं मशीन पूर्ण किंवा काही अंशी कायमचं निकामी केलं जाऊ शकतं. पीएस३ च्या वेळी निदान अपडेट न करता लिनक्स वाचवता येत होतं. मला वाटतं नियम सोपा हवा: सुरक्षेची दुरुस्ती आणि फीचर काढणं ही दोन वेगळी अपडेट असली पाहिजेत, आणि जाहिरातीत दाखवून विकलेली गोष्ट काढायचीच असेल तर किमतीतला तेवढा हिस्सा न मागता परत द्यायचा. त्या ब्रिटिश गिऱ्हाइकाला २० टक्के मिळाले, आकडा तिथून सुरू करायला माझी काही हरकत नाही.